भुतांची वही: तिसरी नोंद

अमेरिकेतील वर्णद्वेषाचा इतिहास भुताखेतांच्या आधाराने मांडणाऱ्या कादंबऱ्या वाचण्याचा जो उपक्रम मी हाती घेतला आहे, त्याची ही तिसरी नोंद. वहीच्या डाव्या पानावर कथेमागील खऱ्या घटनेविषयी कागदोपत्री काय सापडते ते लिहायचे आणि उजव्या पानावर कथेतील भूत नेमके काय करते ते टिपायचे, ही पद्धत मागील दोन्ही खेपांना मला काहीशी कारकुनी वाटत होती. या खेपेला मात्र डावे पान जिथे कोरे राहिले, नेमके तिथेच उजवे पान भरत गेले.

बहुतेक वेळ घेतला तो तनानारीव ड्यू यांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रिफॉर्मेटरी’ या जाडजूड कादंबरीने. साल १९५०, राज्य फ्लोरिडा. बहिणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या जमीनदारपुत्राला लाथ मारली म्हणून बारा वर्षांच्या रॉबी स्टीफन्सला सहा महिन्यांसाठी सुधारगृहात धाडले जाते. या मुलाला मेलेली माणसे दिसतात, हे कळल्यावर तेथील अधीक्षक त्यालाच भुते पकडण्याच्या कामाला जुंपतो. मेलेल्या मुलांपासून अधीक्षकाला सुटका हवी आहे, कारण त्याच्या हातून काय घडले ते त्यांना ठाऊक आहे. भूत उतरवण्याचे प्रसंग आपण सर्वांनी ढिगाने वाचले आहेत. पण साक्षीदार नाहीसे करण्यासाठी भुतांचा बंदोबस्त, ही कल्पना माझ्या वाचनात तरी नवी होती.

या कादंबरीचे डावे पान लिहिताना मी दोनदा वही मिटून ठेवली. फ्लोरिडातील मारियाना गावचे सरकारी सुधारगृह १९०० साली सुरू झाले आणि २०११ साली बंद पडले. १९६०च्या दशकापर्यंत तेथे काळी आणि गोरी मुले वेगवेगळ्या आवारांत ठेवली जात आणि दफनभूमी होती ती काळ्या मुलांच्या बाजूला. फटके मारण्यासाठी राखून ठेवलेल्या पांढऱ्या इमारतीला मुले ‘व्हाइट हाउस’ म्हणत. सरकारी तपासात ३१ थडग्यांचा हिशेब लागला होता आणि दफनभूमीत लोखंडी नळ्यांचे तेवढेच पांढरे क्रूस उभे होते. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली खोदकाम केले, तेव्हा थडगी निघाली ५५. त्यांपैकी अवघी १३ त्या दफनभूमीत होती. उरलेली झुडपांत, रस्त्याखाली आणि एका तुतीच्या झाडाखाली सापडली. १९३७ साली तेथेच वयाच्या पंधराव्या वर्षी मरण पावलेला रॉबर्ट स्टीफन्स हा लेखिकेच्या आईचा काका; कादंबरीच्या नायकाला त्यांनी त्याचेच नाव दिले आहे.

भयाच्या दृष्टीने सांगायचे, तर माझ्या अंगावर काटा आला तो भुतांच्या प्रसंगी नव्हे, न्यायालयाच्या प्रसंगी. एका मुलाचे आयुष्य किती थोड्या शब्दांत निकालात काढता येते, हे लेखिकेने आवाज न चढवता दाखवले आहे. त्यानंतर भुते येतात तेव्हा वाचकाला हायसेच वाटते. मधला सुमारे शंभर पानांचा भाग, ज्यात बहीण सुटकेसाठी वकिलांचे उंबरठे झिजवते, मला लांबलेला वाटला. पण तो गाळला असता तर सुधारगृहाच्या भिंती बाहेरच्या गावापर्यंत पसरलेल्या आहेत हे कळले नसते, असेही मी समासात लिहून ठेवले आहे.

याच सूत्राने टोनी मॉरिसन यांची १९८७ सालची ‘बिलव्हेड’ पुन्हा काढली. पहिल्या वाचनात मी तिला भयकथा मानायलाच तयार नव्हतो. आरंभीच आरसा नुसत्या नजरेने तडकतो आणि केकवर दोन इवल्या हातांचे ठसे उमटतात. घरातील दोन मुलगे त्या ठशांना आणि त्या आरशाला भिऊन कायमचे निघून जातात. एखाद्या तान्ह्या भुताचा राग याहून कमी शब्दांत कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. डाव्या पानावर मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री आहे. जानेवारी १८५६ मध्ये केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून ती सिनसिनाटीला पळाली आणि पकडले जाण्याच्या क्षणी, पुन्हा गुलामीत जाण्यापेक्षा मरण बरे म्हणून, तिने आपल्या लहानग्या मुलीचा गळा चिरला. गुलामगिरीच्या विरोधकांची मागणी होती की तिच्यावर खुनाचा खटला चालवावा, कारण त्यामुळे निदान ती आणि तिचे मूल माणसे ठरली असती. ते न होता पळून गेलेली मालमत्ता म्हणून तिला मालकाकडे परत धाडण्यात आले. कादंबरीत त्या मुलीच्या थडग्यावर कोरलेला एकच शब्द तिचे नाव होतो, आणि तो कोरून घेण्यासाठी आईने दगड कोरणाऱ्याला दहा मिनिटे आपले शरीर दिलेले असते. कायद्याने जिला वस्तू ठरवले तिला भूत होऊनच घरात माणूस म्हणून यावे लागते.

पी. जेली क्लार्क यांची २०२० सालची ‘रिंग शाउट’ दोन संध्याकाळींत संपली. जॉर्जियातील मेकन शहर, साल १९२२. कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दहशतवादी संघटनेतील काही माणसे येथे अक्षरशः राक्षस झालेली आहेत आणि तीन काळ्या स्त्रिया त्यांची शिकार करतात. क्लानला वीर ठरवणाऱ्या १९१५ सालच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाचा लेखकाने चेटूक म्हणून उपयोग केला आहे. मृतावस्थेत गेलेली क्लान त्याच वर्षी जॉर्जियातील स्टोन माउंटन या डोंगरावर पुन्हा उभी राहिली, हा इतिहास असल्यामुळे ते चेटूक पटतेही. कथा वेगवान आहे आणि मौजही येते. तरी माझी तक्रार आहे. द्वेष करणाऱ्याला खराखुरा राक्षस केले की त्याला मारणे सोपे होते आणि शेजारी राहणारा सभ्य माणूस अलगद सुटतो. लेखकालाही हा धोका दिसला असावा, कारण त्याने माणूस राहिलेले क्लानवाले आणि राक्षस झालेले क्लानवाले वेगळे ठेवले आहेत, आणि नायिकेच्या स्वतःच्या संतापावरही शत्रूचा डोळा आहे. राक्षसापेक्षा साक्षीदार भूत मला अधिक भिववते, एवढे या खेपेला नक्की झाले.

हौस म्हणून ‘द रिफॉर्मेटरी’ची दोन पाने मराठीत करून पाहत आहे आणि गाडी एका शब्दावर अडली आहे. दक्षिणेकडील काळे लोक भुताला ‘हेंट’ म्हणतात; जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील गला-गीची लोक, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज, ते घरात शिरू नये म्हणून ओसरीचे छत निळसर रंगवतात. पोरवयात मेलेल्या मुलाचे भूत म्हणून माझ्या लेखणीतून आधी ‘मुंजा’ उतरला. पण मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा तो मुंजा. आपल्याकडे मेल्यावरही जात सुटत नाही, आणि ज्यांना जिवंतपणी वेगळ्या आवारात ठेवले त्या मुलांना ते नाव देणे मला धजेना. ‘पिशाच्च’ फार पोथीतले वाटते, ‘हेंट’ तसाच ठेवावा तर दर वेळी ठेच लागते. तूर्त तो शब्द पेन्सिलीने खोडून वर ‘मेलेली पोरं’ असे लिहिले आहे.