क्रीपर ट्रेल: पुरातून उरलेला अर्धा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली सायकलवाट व्हर्जिनिया क्रीपर म्हटलं की शटलने, म्हणजे सायकलींसह वर सोडणाऱ्या गाडीने, डोंगरातल्या व्हाइटटॉपला जायचं आणि २७ किलोमीटर उतारावरून सायकल सोडून द्यायची, खाली डमास्कस गावात थांबायचं. आमचंही हेच ठरलं होतं. पण २७ सप्टेंबर २०२४ला हेलीन वादळाचा पाऊस झाला, वाटेलगतच्या लॉरेल क्रीक ओढ्याला पूर आला आणि नेमका हाच भाग वाहून गेला.

मग उरलेला खालचा भाग, ॲबिंग्डन गाव ते डमास्कस, जेमतेम २५ किलोमीटर, करून आलो. ही जुनी रेल्वेची वाट. शेवटची गाडी १९७७ला धावली, नंतर रूळ काढले.

डमास्कसच्या वरच्या बाजूला ट्रेल बंद आहे. अडथळ्यापाशी उभं राहून पाहिलं तर ओढ्याकाठच्या झाडांची मुळं उघडी पडलेली, आणि माझ्या डोक्याच्याही वर एका फांदीला प्लास्टिकची पिशवी अडकलेली. पाणी कुठवर चढलं होतं ते तिच्यावरून कळलं. घळ अरुंद, वाट लाकडी पुलांवरून ओढा पुन्हा पुन्हा ओलांडणारी. वाहून आलेले ओंडके पुलाच्या खांबांना अडकतात, मागे पाणी तुंबतं आणि पूल जातो. त्याच घळीतला महामार्ग ५८ही वाहून गेला होता. म्हणजे ट्रेल बांधायची तर आधी यंत्रं पोचायला रस्ता हवा! ट्रेलचा हा वरचा भाग वनखात्याच्या ताब्यात, खालचा ॲबिंग्डन आणि डमास्कस या दोन गावांच्या.

अडथळा ओलांडून 'जरा पुढे बघून येतो' असं करू नका. कडा खालून पोखरलेल्या असतात, वरून कळत नाही.

जाऊन-येऊन करणार असाल तर सुरुवात डमास्कसहून करा. सगळ्यात सखल भाग वाटेतल्या अल्वाराडोजवळ, नदीकाठी. तिथून ॲबिंग्डनचा चढ जास्त, डमास्कसचा सौम्य. आम्ही उलटं केलं आणि शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये बायकोने माझ्याशी बोलणं सोडलं.

वाट खासगी कुरणांतून जाते, फाटकं येतात. उघडलंत की लावा, गाई बाहेर पडतात. एका फाटकाची कडी इतकी घट्ट होती की सायकल आडवी टाकून दोन्ही हातांनी ओढावी लागली. पावसानंतर पुलांच्या फळ्या निसरड्या होतात, तिथे उतरून चाला. पाणी घरूनच घ्या.

सायकल मात्र डमास्कसलाच भाड्याने घ्या, जेवायलाही तिथेच थांबा. आठशेच्या आसपास वस्तीचं गाव, शटल आणि सायकलींवरच चालायचं.