शेवंतीचा क्लच: झाकण अखेर कोरडं!

मंडळी, शेवंती ही माझी बॉल पायथन (अजगराची एक छोटी जात). तिच्या क्लचच्या, म्हणजे एका वेळच्या अंड्यांच्या, डब्याचं झाकण आज सकाळी आतून कोरडं ठणठणीत निघालं. झाकणावर पाणी का जमतं, या माझ्या प्रश्नावर "व्हर्मिक्युलाइट (अंड्यांखालचं पाणी धरून ठेवणारं खनिज) जास्त ओलं असेल" असं अनेकांनी सुचवलं होतं, पण ते मूठभर घेऊन आवळलं तरी थेंब पडत नव्हता. तरीही रोज झाकणाला टपोरे थेंब लोंबायचे आणि नेमके मधल्या अंड्यावर पडायचे. बॉल पायथनच्या अंड्यांना जवळजवळ १०० टक्के आर्द्रता हवी, पण कवचावर पाणी साचलं की आतल्या पिल्लाचा श्वास कोंडतो. त्या अंड्यावर हिरवट डाग दिसला आणि माझी झोपच उडाली.

झाकणाला भोकं पाडली, तर ओलावा उडून कडेची अंडी चेपायला लागली. चिकटपट्टी लावून भोकं बुजवली. मग थर्मामीटरचा प्रोब फिरवून पाहिला: अंड्यांपाशी ३१.५ अंश, झाकणापाशी २९! हीट टेप (तापणारी पट्टी) इनक्यूबेटरच्या, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीच्या, तळाला, म्हणजे खालचं पाणी तापणार, वाफ वर जाणार आणि गार झाकणावर जमणार. हीट टेप मागच्या भिंतीला हलवली, कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला, रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या रचल्या. फरक अर्ध्या अंशावर आला. डबाही एका बाजूनं किंचित उचललाय, म्हणजे चुकून थेंब जमलाच तर कडेनं ओघळेल. अंडी एकमेकांना चिकटलेली असल्यानं हलली नाहीत. वरची बाजू दाखवणाऱ्या पेन्सिलच्या खुणा वरच आहेत.

थर्मोस्टॅट मात्र प्रपोर्शनलच (गरजेप्रमाणे उष्णता कमी-जास्त करणारा) घ्या. ऑन-ऑफवाल्यात तापमान सतत वरखाली होतं. आणि काट्याचे हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) अंड्यांच्या डब्यात ठेवूच नका.

डागाळलेल्या अंड्याला टॉर्च लावला. लालभडक शिरांचं जाळं, आणि त्यात एक सावली सरकली! बाप क्लाउन (एक आनुवंशिक वेगळी नक्षी), शेवंती हेट क्लाउन (त्या नक्षीचं एकच, न दिसणारं जनुक असलेली). म्हणजे प्रत्येक अंड्यात क्लाउनची शक्यता निम्मी.

पुण्याहून कुणीतरी विचारलं होतं, हे धामणीच्या अंड्यांना चालेल का? देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. अंडी सापडली तर हात न लावता वनखात्याला कळवा. मी हे टेक्सासमधून लिहितोय, इथले नियम वेगळे.

५५ व्या दिवशी अंड्यांची कवचं कापून पिल्लांना वाट करून द्यायचं ठरवलं होतं, पण एवढी धडधाकट दिसताहेत तर पिल्लांना स्वतःच कवच फोडू देईन. पुढच्या क्लचला व्हर्मिक्युलाइटऐवजी पाण्यावर ट्यूबलाइटची प्लॅस्टिक जाळी आणि तिच्यावर अंडी ठेवणार होतो. लिहिता लिहिता वाटतंय, आधी माझ्या कॉर्न स्नेक (सापाची दुसरी जात) मादीच्या अंड्यांवर करून पाहावं. तिची अंडी घालण्याआधीची कात परवाच पडली. त्यांना २८ अंश पुरतात, म्हणजे वेगळा इनक्यूबेटर लागणारच. त्यासाठी जुना मिनी फ्रिज आजच रिकामा करतो.