लाल होण्याची घाई

पावसाचे पाणी साचलेली एखादी दगडी खोलगी आटत आली, की तिच्या तळाशी कधीकधी विटकरी लाल थर दिसतो. गंज चढला असावा असे वाटते; प्रत्यक्षात ते शेवाळ असते. हिमॅटोकॉकस प्लुव्हिअॅलिस या त्याच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द ग्रीकमधून आलेला असून त्याचा अर्थ ‘रक्ताचा दाणा’ असा होतो, तर दुसरा लॅटिन शब्द पावसाशी नाते सांगतो. ज्याने हे नाव ठेवले त्याने अशी खोलगी वाकून पाहिली असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

गेली दोन वर्षे मी हे गोड्या पाण्यातले एकपेशीय शेवाळ काचेच्या बाटल्यांत वाढवते आहे, ते त्याच्या लाल रंगासाठी. अॅस्टाझँथिन नावाचे हे द्रव्य गाजरातील कॅरोटीनच्या कुळातले आहे. सॅल्मन माशाच्या मांसाला येणारा गुलाबी रंग याचाच असतो, मात्र मासा तो स्वतः मुळापासून बनवू शकत नाही. सूक्ष्म शेवाळापासून सुरू झालेल्या अन्नसाखळीतून तो त्याच्यापर्यंत पोहोचतो. रिचर्ड कून या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ च्या सुमारास हे द्रव्य वेगळे काढले ते शेवंडापासून, म्हणजे लॉबस्टरपासून. जिवंत शेवंड निळसर काळा दिसतो, कारण त्याच्या कवचात अॅस्टाझँथिन एका प्रथिनाला जखडलेले असते. उष्णतेने त्या प्रथिनाची घडी मोडली की बंदिस्त रंग मोकळा होतो आणि कवच लाल पडते.

शेवाळाची गोष्ट निराळी आहे. सुखात असताना ते लाल नसतेच. भरपूर पाणी, नत्र आणि बेताचा उजेड मिळत असेल तोवर त्याची पेशी हिरवीगार असते, दोन कशाभिकांनी, म्हणजे चाबकासारख्या बारीक शेपट्यांनी, पोहत राहते आणि एक ते तीन दिवसांत दुप्पट होते. नत्र संपले आणि उजेड मात्र वाढतच राहिला, की तिची कोंडी होते. प्रकाश तर शोषला जातो आहे, पण त्यातून मिळालेल्या ऊर्जेचे प्रथिनांत रूपांतर करण्यासाठी लागणारा नत्र नाही. मग ही शिलकी ऊर्जा ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार करून पेशीलाच पोळू लागते. अशा वेळी पेशी पोहणे थांबवते, कशाभिका टाकून देते, भोवती जाड भिंत बांधते आणि आत तेलाचे थेंब साठवून त्यांत अॅस्टाझँथिन भरू लागते. हा रंग तिची छत्री असतो. उत्तम साधलेल्या संवर्धनात त्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि एखाद्या सजीवाने नैसर्गिकपणे साठवलेल्या अॅस्टाझँथिनचा विचार करता हे प्रमाण विलक्षण आहे.

म्हणजे हे शेवाळ वाढवणाऱ्याला परस्परविरोधी दोन गोष्टी हव्या असतात. आधी पेशींचे लाड पुरवून त्यांची संख्या वाढवायची आणि मग त्याच पेशींना उपाशी ठेवून उन्हात उभे करायचे. यातला दुसरा भाग सोपा आहे, आणि फसगत नेमकी तिथेच होते. माझी पहिली खेप अशीच वाया गेली. बी, म्हणजे थोड्या जिवंत पेशी, टाकून सहा दिवस झाले होते, पाणी कुठे पोपटी दिसू लागले होते आणि मला लाल रंग पाहण्याची घाई झाली होती. मी दोन लिटरची बाटली खिडकीतल्या थेट उन्हात ठेवली. त्यानंतर पाचव्या दिवशी पाणी सुंदर गुलाबी झाले. मी छायाचित्रे काढली, ती चार जणांना दाखवली, आणि मग सगळे गाळून वाळवले तेव्हा हाती लागले ते ग्रॅमचा जेमतेम पाचवा हिस्सा भरेल एवढे पीठ. रंग आला होता, पण तो अंगावर धारण करायला पेशीच नव्हत्या.

त्यामुळे आता माझे बहुतेक लक्ष हिरव्या अवस्थेवर असते. पोषक द्रावण मी ‘बोल्ड्स बेसल मीडियम’ या जुन्या, सर्वपरिचित कृतीनुसार करते. त्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट असते. स्फुरद, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह आणि सूक्ष्म धातू त्याहून कमी मात्रेत असतात. लोहाला धरून ठेवणारे ईडीटीए त्यात नसेल, तर लोह साक्याच्या रूपाने तळाशी बसते आणि पेशींना मिळत नाही. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा उल्लेख करते. तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवावे लागते, कारण ते ३० च्या वर गेले की नत्र शिल्लक असूनही पेशी गोल होऊन बसू लागतात. हवा सोडायची तीही हळू. हिरव्या पेशीचे आवरण नाजूक असते आणि बुडबुड्यांच्या जोरदार घुसळणीत तिच्या कशाभिका तुटतात. क्लोरेला ही दुसऱ्या जातीची हिरवी शेवाळपेशी कशीही ढवळली तरी चालते, हे ऐकून मी सुरुवातीला पंप पूर्ण वेगाने लावला होता; दोन दिवसांत सगळ्या पेशी तळाला जाऊन बसल्या.

पाणी किती गडद झाले यावरून अंदाज बांधणे मी सोडून दिले आहे. दिवसाआड थेंबभर द्रव चौकटी आखलेल्या काचपट्टीवर घेऊन पेशी मोजते. वाढीचा आलेख आडवा होऊ लागला, म्हणजे नत्र संपत आले, की वळण घ्यायचे. बाटली दोन तास स्थिर ठेवून वरचे पाणी काढून टाकायचे, बसलेल्या पेशी नत्रविरहित द्रावणात घ्यायच्या आणि उजेड पूर्वीच्या चारपाच पट करायचा.

यानंतरचे दिवस सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे असतात. पहिल्या दिवशी नाशपातीच्या आकाराच्या पेशी काचपट्टीवर सैरावैरा धावत असतात, इतक्या की एकीवर नजर ठरत नाही. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक थांबलेल्या आणि गोल झालेल्या दिसतात. मग एखादीच्या मध्यभागी, केंद्रकाभोवती, लालसर ठिपका उमटतो. तो ठिपका तेलाच्या बारीक थेंबांचा असतो; दर दिवशी तो कडेकडे सरकत जातो, हिरवा भाग आक्रसून काठावरची कड तेवढा उरतो, आणि आठवडा उलटेपर्यंत पेशी मूळच्या दुप्पट-तिप्पट रुंद, जाड भिंतीची आणि डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झालेली असते. पूर्ण लाल झालेल्या पेशी आपोआप तळाशी बसतात, ही त्यांची मोठीच कृपा. इतर बऱ्याच सूक्ष्म शेवाळांत पाण्यापासून पेशी वेगळ्या करण्याचा खर्च उत्पादकाचे कंबरडे मोडतो.

तरीही हिशेब फार उत्साहवर्धक नाही. लिटरमागे एक ग्रॅम कोरडे शेवाळ मिळाले आणि त्यात ३ टक्के रंग असला, तर हजार लिटर पाण्यातून ३० ग्रॅम अॅस्टाझँथिन हाती येते. मोठे उत्पादक हे गणित आपापल्या परीने सोडवतात. इस्राएलच्या अरावा वाळवंटात केतुरा येथे बंदिस्त काचनळ्यांच्या लांबच लांब रांगा आहेत; हवाई बेटांवरील कोना किनाऱ्यावर उघडे हौद वापरले जातात. उघडा हौद या शेवाळाला परवडतो तो फक्त लाल अवस्थेत, कारण ती थोड्या दिवसांची असते आणि नत्र नसलेल्या पाण्यात आगंतुकांनाही फारसे काही मिळत नाही. हिरवी अवस्था उघड्यावर ठेवणे म्हणजे अमीबा, रोटिफर नावाचे शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव आणि झपाट्याने वाढणारी इतर शेवाळे यांना आमंत्रण देणे होय.

सर्वांत वाईट पाहुणा मात्र बुरशींच्या गटातला एक परजीवी आहे. पॅराफायसोडर्मा सेडेबोकरेन्स हे त्याचे नाव. इस्राएलमधील सदे बोकेर येथील संवर्धनांत तो सापडला आणि २००८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. माझी चौथी खेप ज्याने बुडवली त्याची लक्षणे या वर्णनाशी तंतोतंत जुळत होती. दोन दिवसांत हिरवे पाणी मळकट तपकिरी झाले आणि पेशींचे पुंजके खाली बसू लागले. पाणी लाल होण्याकडे झुकले आहे असे समजून मी चक्क खूश झाले होते. काचपट्टीवर पाहिले तेव्हा पेशींना बाहेरून चिकटलेले रंगहीन, गोल फुगे दिसले. फुगा मोठा होत होता आणि त्याच्या आधाराची पेशी आतून रिकामी होत चालली होती. बाटल्या, नळ्या, झाकणे सगळे उकळून काढले आणि बियाण्याची शुद्ध कुपी उघडून पुन्हा आरंभ केला. तेव्हापासून बियाणे मी दोन निराळ्या ठिकाणी ठेवते.

लाल पेशी वाळवल्या तरी काम संपत नाही. ज्या भिंतीने पेशीला उन्हापासून आणि दुष्काळापासून वाचवले, तीच आपल्या आतड्यालाही दाद देत नाही; म्हणून उत्पादक बारीक मण्यांच्या चक्कीत किंवा मोठ्या दाबाखाली ती फोडतात आणि नंतर बहुधा अतिदाबाखालील कार्बन डायऑक्साइडने तेल ओढून घेतात. कारखान्यात बनणाऱ्या कृत्रिम अॅस्टाझँथिनमध्ये या रेणूची तीन अवकाशीय रूपे १ : २ : १ अशा प्रमाणात मिसळलेली असतात, तर शेवाळातले एकाच रूपाचे आणि बहुतांशी मेदाम्लांशी जोडलेले असते. हा फरक खरा आहे. त्याच्या आधारे पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या अॅस्टाझँथिनच्या वेष्टणावर तारुण्यापासून दृष्टीपर्यंत जी आश्वासने छापली जातात, त्यांच्याशी त्याचा संबंध पुष्कळच सैल आहे, असे माझे मत आहे. युरोपीय संघाने पूरक आहारात प्रौढांसाठी दिवसाला ८ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. माझ्या घरगुती पिठाचे ना प्रमाणीकरण झाले आहे ना जंतुपरीक्षण, त्यामुळे ते मी खात नाही आणि कोणाला देतही नाही.

प्रत्येक खेपेतले चिमूटभर लाल पीठ मी बाजूला ठेवते. गेल्या महिन्यात त्यातले थोडे, आठ महिने कोरडे राहिलेले, ताज्या द्रावणात टाकून मंद उजेडात ठेवले. दुसऱ्या दिवशी काही पेशींच्या कडेला हिरवी किनार दिसली आणि लाल रंग पुन्हा मध्याकडे गोळा होऊ लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पेशी माझ्या डोळ्यांसमोर उकलली. आतली पिल्ले आधी जागच्या जागी थरथरली, मग एकेक करून बाहेर पडली, आणि पोटाशी लाल ठिपका घेऊन काचपट्टीवर चहूकडे पोहत सुटली.