मिशेल ३०० ची स्प्रिंग आणि ४१ दिवस

मिशेल ३०० हे मासेमारीचं जुनं रीळ खोलून, साफ करून, पुन्हा जोडायला मला दोन रविवार लागले. त्यातल्या एका स्प्रिंगसाठी ४१ दिवस लागले. म्हणून आधी स्प्रिंगचंच सांगतो. परदेशातून जुन्या रिळाचा सुटा भाग मागवणार असाल, तर विकणाऱ्याला पार्सलवर ‘मासेमारीच्या रिळाचा सुटा भाग’ असं स्वच्छ इंग्रजीत लिहायला लावा. सोबत ९५०७ हा मासेमारीच्या सामानाचा कस्टम्सचा कोड आणि किंमत. माझ्या पार्सलवर हे लिहिलेलं नव्हतं आणि त्यापायी मला काय काय करावं लागलं, ते पुढे येईलच.

रीळ मामाचं. मामा बोटीवर नोकरीला होता. १९७४ साली मार्सेयला बोट लागली असताना त्याने हे मिशेल ३०० घेतलं. निवृत्त होऊन रत्नागिरीला परतल्यावर भाट्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाताना कायम हेच रीळ. बेलची, म्हणजे रिळावरच्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग मोडली, तरी दोनेक वर्षं तो प्रत्येक फेकीनंतर बेल हाताने खाली पाडून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळत राहिला. मग रीळ माळ्यावर गेलं. गेल्या गणपतीत त्याने ते फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “बघ रे, फिरतंय का. नवीन नको मला. ह्याचीच सवय आहे हाताला.”

ज्यांनी मिशेल ३०० पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: काळं, अंड्याच्या आकाराचं, हँडल डाव्या बाजूला. उजव्या हातात रॉड धरायचा आणि डाव्याने गुंडाळायचं. उलट हवं असणाऱ्यांसाठी ३०१ असायचं. ते बनवणारी कार्पानो ए पोन्स ही कंपनी फ्रान्समधल्या क्लूझ गावची होती. ते खोरं घड्याळकामाचं, १८४८ पासून तिथे घड्याळजींची शाळा होती. झाकण उघडल्यावर ते लगेच कळतं. गिअरचा दातन्‌दात असा कापलेला, की पन्नास वर्षांनीही नख फिरवलं तर कुठे अडत नाही. फक्त त्यावरचं ग्रीस वाळून काकवीसारखं घट्ट, तपकिरी झालं होतं. रीळ फिरत नव्हतं ते त्या ग्रीसमुळे, झिजल्यामुळे नव्हे. रीळ अडकलं म्हणून भंगारात टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

झाकणाचा स्क्रू मात्र हट्टी निघाला. ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी स्क्रू आणि वर खारं पाणी, की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. जोर लावलात तर स्क्रूची खाच जाते. खाचेत पूर्ण भरेल असाच पेचकस घ्या, गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग सोल्डरिंगची तापलेली इस्त्री मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर धरा. माझा स्क्रू तिसऱ्या प्रयत्नात ‘कट्’ करून सुटला.

सुटे भाग मी जुन्या इडलीपात्रात ठेवले, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एकेका खळग्यात. फोटो प्रत्येक पायरीला. ह्यात प्लॅनामॅटिक म्हणून स्पूल (तंगूस गुंडाळली जाते ती फिरकी) वर-खाली करणारी गिअरची वेगळी रचना आहे. ती कशी बसली होती ते फोटोत नसतं, तर मी अजून तिथेच असतो. मोठ्या गिअरखाली कागदाइतके पातळ वॉशर ग्रीसने चिकटून बसतात. पुसताना फडक्याबरोबर कचऱ्यात जातात आणि मग गिअर खरखरतं. धुणं सोपं होतं: आधी कोमट साबणपाणी, मग धातूच्या भागांना टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश. प्लास्टिकला टर्पेंटाइन लावू नका.

आता स्प्रिंग. बेल म्हणजे तंगूस पकडून स्पूलकडे वळवणारी तारेची कमान. फेकताना ती उघडायची आणि हँडल फिरवलं की तिने ‘टक’ करून मिटायचं. तो ‘टक’ करणारी ही स्प्रिंग, दोन-तीन वेढ्यांची आणि दोन पायांची. ह्या रिळांची नेहमी मोडते ती हीच.

फ्रान्समधल्या एका जुन्या सामानवाल्याकडून मी दोन स्प्रिंगा मागवल्या. पाकीट नऊ दिवसांत मुंबईला पोचलं. मग कस्टम्सकडून मेसेज आला: ओळखपत्र द्या. दिलं. पावती द्या. दिली. मग आलं: माल वाहनाचा सुटा भाग आहे, आयातीचं कारण आणि गाडीचा तपशील कळवा.

माझ्याकडे गाडीच नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर पार्सलवरच्या चिठ्ठीचा फोटो नीट पाहिला. विकणाऱ्याने फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, ‘रेसॉर द पिक-अप’. रेसॉर म्हणजे स्प्रिंग, आणि रिळाच्या बेलला फ्रेंच लोक म्हणतात पिक-अप! पाकीट हाताळणाऱ्याने तेवढा एकच शब्द वाचला आणि माझी काही ग्रॅमची स्प्रिंग पिक-अप ट्रकची ठरवली. कोड लावला ८७०८, मोटारींच्या सुट्या भागांचा.

मी ईमेल केली. रिळाचा फोटो, स्प्रिंगचा फोटो, शेजारी एक रुपयाचं नाणं. उत्तर आलं की वर्णन आणि पावती जुळत नाहीत. पावतीवर तोच फ्रेंच शब्द, मग जुळत नाही म्हणजे काय? पुन्हा ईमेल. मग स्वतः कस्टम्सच्या ऑफिसात गेलो. पहिल्या खेपेला सांगितलं, ही खिडकी नाही. दुसऱ्या खेपेला खिडकी बरोबर, पण साहेब नाहीत. तिसऱ्या खेपेला मराठीत अर्ज लिहून घेतला आणि इंग्रजीत आणायला सांगितला. दर खेपेला अर्धी सुट्टी आणि ठाण्याहून येऊन-जाऊन तीन तास. वीस पैशांच्या तारेएवढी वस्तू पाकिटाबाहेरून बोटांना लागते, तरी ती ट्रकची आहे असं माणूस म्हणू शकतो, ह्याचा मला अजूनही राग येतो. पाकीट दाबून पाहायला एक क्षणही लागत नाही.

त्या रागातच मी नागदेवी स्ट्रीटला जाऊन एक मिलिमीटरची पियानो वायर आणली आणि स्प्रिंग स्वतः वळायला घेतली. ज्यांना वाट बघायची नाही त्यांनी हे करावंच, पण तीन गोष्टी आधी समजून घ्या. तार सोडली की वेढा थोडा उघडतो, म्हणून हव्या त्या मापापेक्षा बारीक दांड्यावर गुंडाळायची. मी ५ मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर गुंडाळली. दुसरं, वेढ्याची दिशा. जोर पडल्यावर वेढे आवळले गेले पाहिजेत, उकलले जाता कामा नयेत. माझी पहिली उलट्या दिशेची झाली आणि दहा फेकींत सैल पडली. तिसरं, पाय वाकवताना पक्कडीच्या धारेवर वाकवायचा नाही, गोल खिळ्याभोवती वाकवायचा. धारेवर पडलेल्या बारीक चरेतूनच तार पुढे तुटते. हे मला दुसरी स्प्रिंग तुटल्यावर कळलं. तिसरी बसली. बेल मिटताना ‘टक’ झालं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी बायकोला उठवून ऐकवलं.

चौथ्या खेपेला अख्खं रीळच पिशवीत घालून नेलं. त्या दिवशी टेबलावर वयस्क बाई होत्या. मी काही न बोलता रीळ त्यांच्यासमोर ठेवलं, बेल उघडली आणि हँडल फिरवलं. टक. म्हटलं, “मॅडम, हे जे मिटलं ना, ह्याला फ्रेंचमध्ये पिक-अप म्हणतात. ह्याची स्प्रिंग तुमच्याकडे अडकलीय.” त्यांनी स्वतः दोनदा हँडल फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, “आमचे वडील दाभोळला गरवायचे.” त्यांनी कोड दुरुस्त केला. मी शुल्क भरलं आणि वीस मिनिटांत पाकीट हातात. ४१ वा दिवस.

मूळ स्प्रिंग माझ्या स्प्रिंगपेक्षा चांगली आहे, हे कबूल. बेल एकसारख्या जोराने मिटते.

राहिलेलं एक-दोन. गिअरला ग्रीस पातळसरच लावा, डबा भरल्यासारखं कोंबू नका. तंगूस ज्या रोलरवरून सरकते त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. तो फिरला नाही तर तंगूस कापली जाते. ड्रॅगच्या (मासा ओढतो तेव्हा तंगूस घसरू देणाऱ्या ब्रेकच्या) चकत्यांचा क्रम मोडू नका आणि घरी आल्यावर ड्रॅग सैल सोडून ठेवा, नाहीतर चकत्या दबून राहतात. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. नळाची जोरदार धार मारली तर मीठ आत जातं. आणि जमल्यास बेल हँडलने न मिटवता हाताने मिटवा. स्प्रिंग जास्त टिकते आणि तंगूसला पीळही कमी पडतो.

मे महिन्यात रीळ मामाला दिलं. त्याने हातात घेतलं, उघडलं, फिरवलं. टक. पुन्हा उघडलं आणि ह्या खेपेला सवयीने बोटानेच बेल खाली पाडली. दुसरी फ्रेंच स्प्रिंग आणि मी वळलेली, दोन्ही त्याच्या चुन्याच्या जुन्या डबीत आहेत. डबीवर त्याने चिकटपट्टी लावून लिहिलंय: ‘पिक-अप’.