रिओ तिंतो: कोकमाच्या आगळाची नदी

फोटोत रंग वाढवलेले असणार, असं मी स्पेनमधल्या सेव्हियाहून निघाल्यापासून बायकोला सांगत होतो. खाणीच्या जुन्या रेल्वेगाडीतून उतरून नदीकाठी गेलो आणि गप्प बसलो. पाणी थेट कोकमाच्या आगळासारखं. काठच्या दगडांवर गेरूसारखा थर. बोटाने खरवडला तर भुगा नखात बसला. तेवढ्यात पाय घसरला आणि एक पांढरा बूट घोट्यापर्यंत नदीत.

पाण्याचा सामू (pH) दोन-अडीच, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतकं आंबट. मासा औषधालाही नाही. पण अ‍ॅसिडिथायोबॅसिलस आणि लेप्टोस्पिरिलम या जिवाणूंची इथे चंगळ आहे. पाण्यातल्या फेरस लोहाचा एक इलेक्ट्रॉन काढून त्याचं फेरिक करायचं आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगायचं, हा त्यांचा धंदा. फेरिक लोह पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, कुरतडतं, त्यातून आम्ल सुटतं, पुन्हा फेरस लोह तयार होतं, की यांचं पान पुन्हा वाढलेलं! इतक्या आंबट पाण्यात नुसत्या हवेवर सोडलं, तर हेच काम लाखो पट हळू होईल.

खाणवाल्यांना याचा फायदा आयता मिळाला. खनिजाच्या ढिगावर पाणी सोडलं की तांबं विरघळून खाली येई. ते पाणी भंगार लोखंडावरून नेलं की तांबं लोखंडावर बसे. अठराव्या शतकापासून इथे हे चालत होतं, पण राबतंय कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. ते जिवाणू सापडले 1947 मध्ये, अमेरिकेतल्या कोळसाखाणीच्या पाण्यात. आता चिलीत तांब्यासाठी आणि दक्षिण आफ्रिकेत सोन्यासाठी त्यांना मुद्दाम पोसतात.

मात्र या पद्धतीला वर्षं लागतात. 1873 मध्ये खाणी विकत घेतलेल्या ब्रिटिश कंपनीला एवढा धीर कुठला? खनिजाचे ढीग उघड्यावर भाजायचे, गंधकाचा धूर शेतांवर. 4 फेब्रुवारी 1888 रोजी शेतकरी आणि खाणकामगार मिळून चौकात जमले, तेव्हा सैन्याने गोळ्या घातल्या. सरकारी आकडा 13 मृत. लोकांच्या तोंडी तो शंभराच्या पुढे जातो. साहेबांची बेला व्हिस्ता वसाहत अजून जशीच्या तशी आहे, टुमदार, इंग्लंडातून उचलून आणल्यासारखी. मला तिथे फार वेळ थांबवेना.

बूट हॉटेलात तीनदा धुतला. डाग गेला नाही. दुसऱ्या दिवशी तोच घालून हिंडलो.