ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो (माझा अनुभव)

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळतो म्हटलं की जो तो एकच विचारतो, काका या वयात तो चढ झेपतो कसा? चढाचं काही नाही हो. चढावर माणूस आपोआप हळू होतो, नाहीच झेपलं तर चालतो, आणि कोणी हसत पण नाही कारण शेजारी पंचविशीतली पोरं कमरेवर हात ठेवून चालतच असतात. वाट लागते ती उतारावर. हे कळायला मला एक काळं पडलेलं नख, एक सुजलेली टाच आणि जवळजवळ दीड वर्ष लागलं, आणि गंमत म्हणजे हे मला आधीपासून माहीत असायला हवं होतं.

कारण मी एसटीत ड्रायव्हर होतो. यवतेश्वरचा घाट, वर कासचा रस्ता, पुढे बामणोली, हे सगळं मी स्टेअरिंगमागून इतक्या वेळा बघितलंय की कुठल्या वळणाला गाडी बाहेर टाकते ते झोपेत विचारलं तरी सांगेन. रिटायर झालो तेव्हा माझ्याकडे प्रॉव्हिडंट फंड, बीपीची गोळी, पुढे आलेलं पोट आणि क्लचने खाल्लेला डावा गुडघा एवढी शिल्लक होती. डॉक्टर म्हणाले चाला. मग रोज सकाळी समर्थ मंदिरापासून घाटात थोडं वर जाऊन यायचो, तिथेच हा पळणारा ग्रुप भेटायचा. त्यातली एक दातांची डॉक्टर आहे, माझ्या मुलीच्या वयाची, ती एक दिवस म्हणाली, "काका, नुसते चालताय कशाला, आमच्यात या की." म्हटलं मला पळता येत नाही. "आम्हाला तरी कुठं येतंय."

गेलो. मंगळवारी हलकं पळणं, गुरुवारी घाटात चढाचे राउंड, रविवारी लाँग रन आणि त्यानंतर मिसळ. खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मी मिसळीसाठीच पळालो. आधी टीएमटी करून घेतली, हे मात्र मी प्रत्येक साठीच्या माणसाला हात जोडून सांगतो, ट्रेडमिलवर पळवून कार्डिओग्राम काढतात तेवढं करा आणि मगच बूट घ्या. पोराने पुण्याहून हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं, ते सारखं ओरडायचं. दोनशेवीस वजा वय हे जास्तीत जास्त ठोके असं सगळे सांगतात, म्हणजे आता त्रेसष्टाव्या वर्षी माझे १५७. दुसरं सूत्र आहे, दोनशेआठमधून वयाच्या सातदशांश वजा करा, त्याने १६४ येतात. आणि घाटात घड्याळ दाखवतं १६८. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले ही सरासरी असते, माणूस त्यात बसेलच असं नाही, बोलता येतंय ना पळताना तेवढं बघा. तेव्हापासून मी रविवारी शेजारच्याशी गप्पा मारत पळतो. शेजारच्याला आवडतं का ते मी विचारलेलं नाही.

प्रॅक्टिसला जाताना कधी बामणोलीची गाडी मागून यायची, ड्रायव्हर आमच्याच डेपोचा, मुद्दाम स्लो करून खिडकीतून ओरडायचा, "बसा की मामा, जागा आहे!" आणि आतले सगळे पॅसेंजर हसायचे.

ही स्पर्धा २०१२ला सुरू झाली. शहरातून निघून समर्थ मंदिरावरून घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याला पळायचं, यू-टर्न मारायचा आणि त्याच रस्त्याने खाली, एकूण एकवीस किलोमीटर. पावसाळा सरत आलेला असतो, त्यामुळे कधी धुकं, कधी भुरभुर, कधी अचानक ऊन. मी पहिल्यांदा पळालो तेव्हा ५९चा होतो, २ तास ५८ मिनिटं लागली आणि मी शेवटचे दोन किलोमीटर रडत होतो असं बायको सांगते, मी म्हणतो घाम होता.

मग डोक्यात हवा गेली. ग्रुपमध्ये असं होतंच, आज कोणी किती पळालं हे सकाळी सातच्या आत मोबाईलवर येतं आणि आपण चहा पिता पिता दुसऱ्याचे आकडे बघत बसतो. ६१व्या वर्षी मी ठरवलं की चढावर गेलेला वेळ उतारावर वसूल करायचा. आणि केला. घाटाच्या माथ्यावरून जे सुटलो ते न्यूट्रलमध्ये सोडल्यासारखा, पोरं मागे पडत होती, "काका भारी!" असं लोक ओरडत होते, मला वाटलं मी बावीस वर्षांचा आहे. २ तास ३६ मिनिटं. मेडल गळ्यात, फोटो, पेढे.

संध्याकाळी बूट काढले तर उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं आपटत राहतात. दुकानदाराने चालायच्या मापाचे बूट दिले होते, पळायला एक नंबर मोठे लागतात आणि वरच्या शेवटच्या भोकातून लेस घालून घोट्यापाशी आवळायची असते, हे कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संडासात बसलो तर उठता येईना. जिना उतरताना कठड्याला धरून उलटा उतरत होतो, खालच्या वहिनी म्हणाल्या, "काय हो, काही पडलंय का वर?" हे सगळं चार दिवसांत गेलं. गेली नाही ती टाच. टाचेच्या मागची जाड शीर, अकिलिस टेंडन म्हणतात ती, सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की सुरी घातल्यासारखं व्हायचं.

मी काय करावं? तेल लावलं, शेक दिला, आणि पळत राहिलो. डेपोत नवीन ड्रायव्हर गाडीचा आवाज ऐकूनही तशीच पुढे हाणायचे त्यांना मी शिव्या घालायचो, आणि स्वतःच्या पायाला तेच केलं. पाच महिन्यांनी लंगडायलाच लागलो तेव्हा ग्रुपमधल्यांनी धरून फिजिओकडे नेलं.

त्याने सांगितलेला व्यायाम ऐकून मला वाटलं हा चेष्टा करतोय. जिन्याच्या पायरीच्या काठावर चवड्यांवर उभं राहायचं. वर जायचं ते चांगल्या पायाने. मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. फक्त खाली. पंधराचे तीन सेट गुडघा ताठ ठेवून, पंधराचे तीन गुडघा वाकवून, सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. थोडं दुखलं तरी चालेल म्हणाला. अल्फ्रेडसन नावाच्या स्वीडनच्या डॉक्टरने १९९८ मध्ये हे छापून आणलं. त्याची स्वतःची ही शीर दुखत होती पण त्याचे साहेब ऑपरेशन करेनात, म्हणून ती तुटावी अशाच इराद्याने त्याने तिच्यावर जोर द्यायला सुरुवात केली आणि दुखणंच निघून गेलं. असली माणसं सगळीकडे असतात म्हणायची.

मी विचारलं, खाली सोडण्यातच कसला आलाय व्यायाम? तर तो म्हणाला, काका, चढताना मसल आखडून जोर लावतो, उतरताना तोच मसल लांब होत होत वजन धरून ठेवतो, ब्रेक मारतो. तुमच्या मांड्या चार दिवस दुखल्या त्या चढाने नाही, या ब्रेकने. आणि या वयात मसल कमी होत जातो, म्हणजे ब्रेक आधीच झिजलेले.

ब्रेक म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. अहो, हे तर मी नव्या पोरांना आयुष्यभर शिकवलं! ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. टॉपला टाकून खाली सोडली आणि नुसत्या ब्रेकवर धरली की लायनर तापतात, वास सुटतो आणि मग ऐन वळणावर पायाखाली काही उरत नाही.

बारा आठवडे केलं. मध्ये कंटाळून सोडणार होतो पण त्या दातांच्या डॉक्टरने रोज रात्री मेसेज करून विचारलं, "काका, १८० झाले?" एकदा खोटं सांगितलं, १२०च केले होते. त्यानंतर गुरुवारी पोरं घाट चढून वरून गाडीने यायची आणि मी उलट, गाडीने वर जाऊन उतरायचो. छोटी पावलं, गुडघा जरासा वाकलेला, अंग मागे न टाकता, बूट रस्त्यावर आपटल्याचा आवाज आला की चुकलं. आधी पाचशे मीटर, मग किलोमीटर, मग अर्धा घाट. कोणी कुरकुर केली की आमचे सर ललिता बाबरचं नाव काढतात, आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची पोरगी, २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली, आणि तुम्हाला चांगल्या रस्त्यावर पळायचा त्रास होतो का. मी म्हटलं सर, तिचं वय काय, माझं काय. सर म्हणाले, म्हणूनच तुम्हाला उतार दिलाय.

यंदा ६३व्या वर्षी परत उभा राहिलो. चढावर निम्मा चाललो. माथ्यावर पाणी, मिठाचा चिमूटभर खडा, संत्र्याची फोड, आणि मग सेकंड गिअर. डाव्या कडेला शेवाळ होतं म्हणून मधला रस्ता धरला. मागून धडाधड बूट आपटत पोरं सुटत होती, एक पोरगा तर जाता जाता "काका, सोडा की आता गाडी!" म्हणाला. गाडी सोडली नाही. तोच पोरगा शहरात शिरल्यावर फुटपाथवर बसून मांडीला स्प्रे मारून घेत होता, मी हात केला, त्याने पण केला. समर्थ मंदिरापासून पुढे माझे पाय पळायला शाबूत होते, हे पहिल्यांदाच झालं.

२ तास ४१ मिनिटं. आधीपेक्षा पाच मिनिटं जास्तच लागली. पण सोमवारी जिना सरळ उतरलो, वहिनींनी बघितलं.

मंगळवारी पोवई नाक्यावर माझा जुना कंडक्टर भेटला. पेपरात फोटो शोधत होता म्हणे. विचारलं, "कितवा आलास?" सांगितला नंबर. "एकूण होते किती तुझ्या गटात?"

मी म्हटलं, आधी चहा घे.