तुम्ही विचारलंत म्हणून: हत्तीण का नाही भरवत?

“मॅडम, गाई भरवता, म्हशी भरवता, मग हत्तीण का नाही भरवत कोणी?”

मी मिरज तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. भरवणं म्हणजे गाभण राहावी म्हणून रेतन करणं, हे माझं रोजचं काम. हा प्रश्न मला गोठ्यात विचारतात, डेअरीच्या कट्ट्यावर विचारतात, जेवणाच्या पंगतीतही विचारतात. 2025 च्या जुलैमध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, म्हणजे आपली माधुरी, न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला गेली, तेव्हापासून तर जास्तच. तिच्यासाठी शिरोळपासून सांगलीपर्यंत माणसं रडली. त्या रडण्यामागची एक हळहळ मी अनेकांच्या तोंडून ऐकली: वेळेत तिला एखादं पिल्लू झालं असतं तर दाराशी हत्ती राहिला असता. मग लगेच पुढचं, की एवढी मोठमोठी प्राणिसंग्रहालयं आहेत, ती तरी हत्तींची पैदास का करत नाहीत?

विचारणारी माणसं सांगलीच्या गणपतीच्या हत्तीला केळी चारत मोठी झालेली असतात, तासगावच्या रथापुढं हत्तीण चालताना बघितलेली असतात. शिवाय रेतन म्हणजे काय हे आमच्या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. म्हणून हा प्रश्न मला कधीच वेडगळ वाटला नाही. उत्तर मात्र लांब आहे.

गाईपासूनच सुरुवात करते. गाय माजावर आली की हंबरते, चिकट सोट टाकते, दावणीला स्वस्थ उभी राहत नाही. मालकाला कुणी शिकवावं लागत नाही, तो सकाळीच फोन करतो. मी नायट्रोजनच्या टाकीतून गोठवलेल्या वीर्याची कांडी काढते, कोमट पाण्यात धरते, रेतनाच्या गनमध्ये भरते. डावा हात शेणाच्या वाटेनं आत घालायचा आणि गर्भाशयाचं तोंड चिमटीत धरायचं. कोंबडीच्या मानेसारखं ते हाताला घट्ट लागतं. उजव्या हातानं गन सरकवायची. काही मिनिटांचं काम. गाभण नाही राहिली तर 21 दिवसांनी उलटते, म्हणजे परत माजावर येते, पुन्हा भरवायची.

हत्तीणीत यातलं एकही पाऊल असं पडत नाही.

पहिली अडचण माजाचीच. तिचं चक्र 14 ते 16 आठवड्यांचं, म्हणजे वर्षातून तीन-चार संधी, आणि त्या संधीतले कामाचे दिवस अगदी थोडे. बाहेरून माणसाला काही दिसत नाही. नराला कळतं, कारण माजावरच्या हत्तीणीच्या मुतातून एक विशिष्ट रसायन बाहेर पडतं. अमेरिकन संशोधक बेट्स रॅसमुसेन यांनी 1996 मध्ये ते ओळखलं. हेच रसायन कितीतरी जातींच्या पतंगांच्या माद्याही नराला बोलवायला वापरतात! नर सोंडेचं टोक त्या मुताला लावून टाळूशी नेतो आणि पारख करतो. आपल्याला तशी सोंड नाही, म्हणून रक्त तपासावं लागतं. त्यातून एक विलक्षण गोष्ट हाती आली. ज्या संप्रेरकानं बीज सुटतं त्या एलएचची लाट हत्तीणीत एकाच चक्रात दोनदा येते. पहिल्या लाटेत बीज सुटत नाही. तिच्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी दुसरी येते, तेव्हा सुटतं. पहिली लाट सापडली की तयारीला तीन आठवडे मिळतात. हे कळलं म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

दुसरी अडचण शरीराच्या रचनेची. हत्तीणीची बाहेरची वाट शेपटीखाली नसते. ती मागच्या पायांच्या मधे, खाली पोटाच्या बाजूला उघडते. तिथून आत गर्भाशयाच्या तोंडापर्यंत एक मीटरहून लांब मार्ग, तोही वर चढून वळणारा. माझा हात खांद्यापर्यंत गेला तरी तिथं पोचणार नाही. म्हणून दुर्बिणीची नळी आत घालतात, गुदद्वारातून अल्ट्रासाउंडचा प्रोब धरून ती कुठवर गेली ते बघतात, आणि दोन-तीन माणसं मिळून वीर्य पोचवतात. बहुतेक वेळा वीर्य ताजं, थंड करून आणलेलं असतं, कारण हत्तीचं वीर्य गोठवणं सोसत नाही. आशियाई हत्तीचं असं पहिलं पिल्लू 1999 मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या डिकरसन पार्क प्राणिसंग्रहालयात जन्मलं. म्हणजे हत्तीण भरवता येते का, याचं सरळ उत्तर हो असंच आहे. जमलेलं आहे.

पण भरवणं हा या गोष्टीतला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि मला जे सांगायचंय ते पुढं आहे.

गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस. हत्तीणीचे जवळपास 22 महिने. पिल्लू शंभर किलोच्या आसपास. आडवं आलं तर? गाईचं वासरू मी दोर लावून ओढू शकते, वेळ पडली तर पोट फाडून काढू शकते. हत्तीणीत सिझेरियन केलं तर आई जवळजवळ कधीच वाचत नाही. बाकी उपाय मोजके, आणि तेही भयंकर.

समजा सुखरूप व्याली. तरी पहिलारू हत्तीण, तीही जिनं आयुष्यात दुसरीचं बाळंतपण बघितलेलं नाही, समोर धडपडणाऱ्या त्या केसाळ जिवाला काय समजेल? आपल्याकडं पहिलारू म्हैस रेडकाला लाथ मारते, आपण पाय बांधतो, थोडा चारा टाकतो, चार दिवसांत ती सरळ होते. हत्तीणीची एक लाथ पिल्लाला पुरते. प्राणिसंग्रहालयांत आईनंच पिल्लू मारल्याच्या घटना कितीतरी घडल्या. म्हणून कित्येक ठिकाणी व्यायच्या वेळी तिला साखळदंडांनी बांधत आणि पिल्लू लगेच बाजूला काढत. भ्यालेली आई आणखी भ्यायची.

रानात हत्तीण एकटी बाळंत होत नाही. आजी, मावशा, बहिणी भोवती असतात. तरण्या माद्या दुसऱ्यांची पिल्लं सांभाळत शिकतात. पिल्लू चिखलात रुतलं की कुणी ढकलायचं, झोपलं की त्याच्यावर सावली धरून कुणी उभं राहायचं, हे सगळं त्यांनी स्वतः व्यायच्या आधी केलेलं असतं. युरोपातल्या काही प्राणिसंग्रहालयांना हे फार उशिरा उमगलं. झुरिकमध्ये आता माया-लेकींचा कळप एकत्रच ठेवतात, 2014 पासून त्यांना मोठी जागा दिली आहे, आणि पिल्लू कळपातच जन्मतं. माणसं दूर असतात. मला त्यांचं हे वागणं मनापासून पटतं.

आता वयाचं. रानातली मादी तरुणपणीच गाभण राहते, मग दोन-तीन वर्षं पिल्लू पाजते, परत गाभण राहते. तिच्या शरीराला रिकामी चक्रं फार थोडी सोसावी लागतात. एकट्या ठेवलेल्या हत्तीणीचं चक्र मात्र वर्षानुवर्षं फुकट फिरत राहतं. बर्लिनच्या लायबनित्स संस्थेतल्या संशोधकांनी अशा माद्यांची गर्भाशयं तपासली तेव्हा त्यांत गाठी सापडल्या, पाण्याचे फुगे सापडले. पंचवीस-तिशी उलटेपर्यंत एकदाही न व्यालेल्या हत्तीणीत पहिलं गर्भारपण राहणं अवघड होतं आणि राहिलं तर धोक्याचं असतं. माधुरी गेली तेव्हा साधारण 36 वर्षांची होती, आणि नांदणीत तिच्यासोबत दुसरा हत्ती नव्हता. “अजून तिथं तरी तिला पिल्लू होईल का,” असं विचारणाऱ्यांना मी म्हणते, तसं कुणी करायला जाऊ नये हीच प्रार्थना करा.

2008 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास आला होता. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई माद्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्म्या माद्या ज्या वयाच्या आत जातात ते, 18.9 वर्षं निघालं. म्यानमारच्या सरकारी लाकूड खात्यातल्या, ओंडके ओढणाऱ्या माद्यांचं 41.7. ओंडके ओढणारी जास्त जगते! मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मान्य करायला तयार नव्हते. पण म्यानमारचा हत्ती काम संपलं की रात्री रानात सोडला जातो, स्वतः चरतो, इतर हत्तींत मिसळतो. युरोपातला हत्ती तेव्हा काँक्रीटवर उभा असे, पाय कुजत, वजन वाढे. त्या अभ्यासानंतर बऱ्याच ठिकाणी वाळूच्या जमिनी आल्या, कळप मोठे झाले. तरी तो आकडा विसरण्यासारखा नाही.

आणि एवढं सगळं पार पडल्यावर पिल्लाला खाणारा आजार आहे. हत्तींचा एक नागीण-कुळातला विषाणू, ईईएचव्ही. मोठ्या हत्तींच्या अंगात तो निवांत पडून असतो. आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरलं की साधारण एक ते आठ वर्षांच्या पिल्लांना गाठतो. सकाळी पिल्लू जरा मंद वाटतं, तोंडावर सूज येते, जीभ निळसर पडते. रक्तवाहिन्या आतून पाझरायला लागतात आणि एक-दोन दिवसांत ते जातं. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात 1995 मध्ये कुमारी नावाचं पिल्लू असं गेलं, आणि त्यातूनच 1999 मध्ये या विषाणूची ओळख पटली. 2019 मध्ये ओडिशाच्या नंदनकाननमध्ये काही आठवड्यांत चार हत्ती गेले. 2022 च्या उन्हाळ्यात त्याच झुरिकमध्ये तीन गेले, जिथं सगळं नीट होतं. आपल्या गडचिरोलीच्या कमलापूर कॅम्पमध्येही पिल्लं जन्मली आणि 2020-21 मध्ये काही दगावली. संशय याच विषाणूवर होता.

हा विषाणू दक्षिण भारतातल्या रानटी पिल्लांतही सापडला आहे. म्हणून इथं मी प्राणिसंग्रहालयांचं ऋण मानते. पिल्लांना दर आठवड्याला रक्त द्यायला शिकवून त्यांनीच या आजाराची सुरुवात पकडायची रीत बसवली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात बेलर वैद्यकीय महाविद्यालयासोबत लस तयार झाली आणि जून 2024 मध्ये टेस नावाच्या हत्तीणीला पहिली मात्रा टोचली. रानात राहून हे झालं नसतं.

राहिला नर. पिल्लू नर निघालं तर सगळ्यांना पहिली काही वर्षं आनंदच असतो. दहा-बारा वर्षांचा झाला की कळपातल्या माद्याच त्याला बाहेर काढतात. पुढं मद यायला लागतो, कानशिलातून स्राव गळतो, रोजचा माहूतही जवळ जायला कचरतो. अशा नरांना ठेवायला जागा नाही, ही युरोपातल्या पैदास करणाऱ्या संस्थांची आजची खरी डोकेदुखी आहे. आपण खोंड बाजारात नेतो. हत्ती कुठं नेणार?

भारतानं 2009 मध्ये वेगळा रस्ता धरला. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं आदेश काढला की प्राणिसंग्रहालयांतले आणि सर्कशींतले हत्ती वनखात्याच्या कॅम्पमध्ये हलवावेत. सगळीकडं तो पाळला गेला असं नाही, पण माझ्या मते निर्णय योग्यच होता. कारण पिल्लं कुठं होतात ते आपल्या देशात आधीपासून दिसत होतं: तमिळनाडूचं मुदुमलाई, कर्नाटकातलं दुबारे, सक्रेबैलू. तिथं संध्याकाळी माद्यांच्या पायात लांब साखळी ठेवून त्यांना रानात चरायला सोडतात. रात्री रानटी नर येतो. सकाळी माहूत साखळीची ओढ बघत माग काढतो आणि हत्तीण घेऊन परततो. ना कांडी, ना दुर्बीण. तरी तिथं पिढ्यान् पिढ्या पिल्लं झाली, आणि ती सांभाळायला मावशा हजर होत्या. आपल्याकडं देवस्थानात एकटी ठेवलेली हत्तीण गाभण का राहत नाही, याचं कारण वीर्यात नाही, तिच्या एकटेपणात आहे.

“मग मॅडम, आपल्या भागात हत्तीचं पिल्लू दिसणारच नाही का?”

दिसतं की. कर्नाटकातून 2002 च्या सुमारास उतरलेले रानटी हत्ती दोडामार्ग-चंदगड-आजरा पट्ट्यात आजही फिरतात, आणि त्यांच्यात पिल्लंही दिसली आहेत. ती कुणी भरवलेली नाहीत. पण तिथल्या माणसाच्या केळी, माड, सुपारी, भात एका रात्रीत जातं. पंचनामा होतो, भरपाई यायला महिनोन्महिने लागतात, आणि आलेल्या पैशात गेलेला माड परत उभा राहत नाही. माधुरीसाठी आपण सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले. हत्तीच्या पिल्लासाठी काही करायचं म्हणत असाल तर दोडामार्गच्या शेतकऱ्याला वेळेत आणि पुरी भरपाई मिळावी म्हणून तेवढाच जोर लावा, त्या सह्यांत माझीही घ्या.